हात धरू नका, कोपर द्या

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते. दादरला पश्चिमेच्या बाजूला, रेल्वे पुलाच्या पायऱ्यांपाशी एक अंध गृहस्थ पांढरी काठी घेऊन उभे होते. तुम्ही मागून जाऊन त्यांचा दंड धरलात आणि ‘चला काका, मी नेतो’ म्हणत पायऱ्या चढायला लागलात. त्यांनी हात झटकला, ‘सोडा हो मला!’ म्हणून ओरडले. चार लोक वळून बघायला लागले आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पुढच्या महिन्यात तुमच्या बँकेच्या शाखेत एक पूर्ण अंध सहकारी बदली होऊन येत आहेत. ‘मदत केली तरी चूक, नाही केली तरी चूक, मग वागायचं तरी कसं?’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी मोबिलिटी शिकवते. पुस्तकी भाषेत चलनवलन प्रशिक्षण. अंध माणसाने काठी घेऊन एकट्याने घराबाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा, लोकल पकडायची, कामावर जाऊन परत यायचं, हे एकेका विद्यार्थ्याबरोबर रस्त्यावर चालून शिकवायचं असतं. २४ वर्षं हेच करते आहे. मी स्वतः डोळस आहे (दिसणाऱ्या माणसाला आमच्याकडे डोळस म्हणतात), त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते माझ्या विद्यार्थ्यांनीच मला शिकवलेलं आहे.

मदत करावी की करू नये, हा प्रश्न माझ्या मते नाहीच. जरूर करा. खरा प्रश्न असा की मदत चालू असताना त्या माणसाचं शरीर कोणाच्या ताब्यात असतं. तुम्ही त्यांचा दंड धरलात त्या क्षणी ते तुमच्या ताब्यात गेलं, आणि तेही न विचारता. तुमचा हेतू चांगला होता यात मला जराही शंका नाही. पण मागून आलेल्या हातावरून हेतू कळत नाही. तो मदतीचा आहे, खिसेकापूचा आहे की धक्का मारणारा आहे, हे त्यांना कशावरून कळावं?

आता त्या पायऱ्यांपाशी काय चाललं असेल ते सांगते, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. अंध माणूस उभा दिसला की तो अडला आहे असं आपण धरून चालतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना पुलाखाली मुद्दाम उभं राहायला शिकवते. लोकल आली की पायऱ्यांवरून लोंढा उतरतो, त्यात काठीवर पाय पडतात, काठी मोडते. म्हणून दोन मिनिटं कडेला थांबायचं, पावलांचा आवाज पातळ झाला की चढायचं. त्या दोन मिनिटांत डोकं रिकामं नसतं. डावीकडून फुलबाजाराचा वास येतो, ओला झेंडू आणि केळीची पानं. म्हणजे आपण बरोबर तोंडाला आहोत. पुलाच्या पत्र्याखाली आवाज वेगळा घुमतो. उजवीकडे कठडा कुठे सुरू होतो ते काठीने आधीच पाहून ठेवलेलं असतं. हा सगळा हिशेब मनात जुळत आलेला असताना कोणी दंड धरून ओढलं की पाटी कोरी होते. आपण नेमके कुठे आहोत, कोणत्या दिशेला तोंड आहे, कठडा किती पावलांवर राहिला, सगळं पहिल्यापासून.

काठीचंही एक तंत्र असतं. डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे उजवं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून होते. मग उजवं पाऊल, काठी डावीकडे. नेहमी एक पाऊल आगाऊ. जिना चढताना काठी जवळजवळ उभी धरतात; तिचं टोक पुढच्या पायरीला ठक ठक लागत राहतं, आणि ज्या क्षणी ते कशालाच लागत नाही त्या क्षणी जिना संपला. आता तुम्ही धरलात तो काठीचा हात असेल तर काय झालं असेल बघा. भर गर्दीत कोणी मागून येऊन तुमच्या डोळ्यांवर हात ठेवावेत आणि ‘चला, मी नेतो’ म्हणावं, त्यातलाच प्रकार.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून, काठी घेऊन रस्त्यावर चालावं लागायचं. एकदा एका चौकात मी कडेला उभी होते. रस्ता ओलांडायचा नव्हता, नुसती वाहनांची दिशा ऐकत होते. एका माणसाने माझा दंड धरला आणि चकार शब्द न बोलता मला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. तो निघूनही गेला. मला तिकडे जायचंच नव्हतं! कोणत्या फुटपाथवर उभी आहे ते कळेना, परत यायची हिंमत होईना. पट्टीवर हात गेला आणि मी ती काढली. माझे विद्यार्थी ती काढू शकत नाहीत, हे त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून समजलं. मात्र पट्टीच्या अनुभवावर फार भरवसा ठेवू नका. डोळे मिटून पाच मिनिटं चाललं की कळते ती पहिल्या दिवसाची भीती. वीस वर्षांचा सराव त्यातून कळत नाही. ‘बाप रे, कसं जगत असतील!’ ही जी कणव मनात येते ती बऱ्याचदा आपल्याच भीतीतून येते, आणि तिच्या भरात आपण समोरच्याला काही येत नाही असं गृहीत धरतो.

मग करायचं काय? समोरून किंवा बाजूने जा, बोला आणि मग उत्तराची वाट बघा. ‘नमस्कार, मी पुलावर चाललोय. सोबत हवी आहे का?’ एवढं पुरे. ‘नको’ म्हणाले तर ‘बरं’ म्हणायचं आणि निघायचं, तिथे आग्रह नको. आपल्याकडे जेवायला वाढताना नाही म्हणणाऱ्याला अजून एक पोळी वाढतात, ती सवय इथे आणू नका. ‘हो’ म्हणाले तर त्यांचा हात धरू नका, आपलं कोपर द्या. आपल्या हाताची मागची बाजू हलकेच त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला लावा. त्यांचा हात आपसूक वर सरकत तुमच्या कोपराच्या जरा वर येईल, अंगठा बाहेर आणि बोटं आतल्या बाजूला. ते तुमच्या अर्धं पाऊल मागे चालतील.

हे अर्धं पाऊल फार महत्त्वाचं आहे. दंड धरून ढकललं तर पुढे ते असतात, म्हणजे खड्ड्यात पहिला पाय त्यांचाच. कोपर दिलं तर पुढे तुम्ही असता. तुम्ही पायरी चढलात की तुमचं कोपर वर जातं, उतरलात की खाली येतं, वळलात की वळतं. त्यांना ते बोटांतून कळतं, तोंडाने सांगायचीही फारशी गरज पडत नाही. आणि नको वाटलं तर ते हात सोडू शकतात. तुम्ही धरलेला हात मात्र त्यांना झटकावाच लागतो, त्या गृहस्थांनी झटकला तसा.

पायऱ्यांपाशी क्षणभर थांबा, ‘पायऱ्या, वर’ किंवा ‘पायऱ्या, खाली’ एवढं सांगा, कठड्याची बाजू सांगा, एक पायरी पुढे राहून चढा, संपल्या की परत क्षणभर थांबा. बोळ अरुंद असेल तर तोच हात पाठीमागे न्या, ते बरोबर तुमच्या मागे येतील. खुर्चीत ‘बसवायचं’ नसतं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, पुढचं त्यांचं ते बघतात. रिक्षात चढताना हात वरच्या दांडीवर लावून द्या, म्हणजे डोकं आपटत नाही. आणि सोडून जाताना मोकळ्या जागेत मधोमध कधी सोडू नका. भिंत, खांब, बाक, काहीतरी हाताला लागू द्या आणि ‘मी निघतो’ असं स्पष्ट सांगा. अंध माणूस दोन-दोन मिनिटं रिकाम्या हवेशी बोलत राहतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की समोरचा केव्हाच गेलाय. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मला ते बघवत नाही.

न विचारता अंगाला हात लावायची पाळी एकाच वेळी येते, ती म्हणजे जिवावर बेतलं असताना. प्लॅटफॉर्मची कड, उघडं गटार, मागे येणारी गाडी. तेव्हाही आधी ओरडा, आणि ‘थांबा!’ असंच ओरडा. आपण सगळे ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणतो. त्या शब्दाने नेमकं काहीच कळत नाही. थांबायचं, वाकायचं की बाजूला व्हायचं? ‘थांबा’ म्हटलं की माणूस थांबतो. मग सांगा, ‘दोन पावलांवर कड आहे, डावीकडे या.’ ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘ते बघा तिथे’ हे शब्द हात करून दाखवल्याशिवाय अर्धेच आहेत. डावं-उजवं सांगा, तेही त्यांचं डावं-उजवं.

आता, हे सगळं सरसकट सगळ्यांना लागू नाही. पन्नाशीत मधुमेहाने दृष्टी गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या बोटांची आणि तळपायांची संवेदनाही कधी कधी कमी झालेली असते, आणि मनाने तो अजून सावरलेला नसतो. त्याला तुमचं कोपर जास्त वेळ लागेल. काहींना थोडं दिसतं. पांढरी काठी घेतलेला माणूस मोबाइल डोळ्याशी नेऊन वाचताना दिसला तर तो ढोंगी नाही. अंशतः अंध माणसाला अक्षर दिसू शकतं आणि तरी पायरी दिसत नाही. काठीवर लाल-पांढरे पट्टे असतील तर त्या व्यक्तीला ऐकूही येत नाही किंवा कमी येतं, तिथे नुसतं बोलून भागणार नाही. आणि बाई असेल तर फार जपून. माझी एक विद्यार्थिनी रोज ठाण्याहून ये-जा करते. ती म्हणाली होती, ‘ताई, दिवसातून दहा जण हात धरतात. त्यातला कुठला मदतीचा आणि कुठला घाणेरडा, ते मला धरल्यावरच कळतं.’ ती कोणावर खेकसली तर मी तिला दोष देणार नाही. तुमच्या दादरच्या गृहस्थांनाही तुमचा हात त्या दिवसातला पहिला असेल असं नाही. किंवा त्यांचा दिवस वाईट गेला असेल. अंध माणसालाही चिडायचा हक्क आहे. चोवीस तास कृतज्ञ राहणं कोणाकडूनही होत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांबद्दल. माझ्या दृष्टीने हे दादरपेक्षा मोठं आहे, कारण तिथे पाच मिनिटांची गाठ होती, इथे रोजचे आठ तास आहेत.

माझा एक विद्यार्थी एका कार्यालयात लागला. तिथल्या लोकांनी त्याला फार प्रेमाने वागवलं. जागेवर चहा आणून द्यायचे, स्वच्छतागृहापर्यंत सोबत जायचे, वाढदिवसाला केक कापला. आणि अकरा महिने त्याला एकही काम दिलं नाही. ‘तू बस निवांत, कशाला त्रास घेतोस.’ पगार वेळेवर यायचा. तो मला म्हणाला, ‘मॅडम, मी तिथे कुंडीसारखा आहे. सगळे वेळेवर पाणी घालतात.’ त्या लोकांत एकही दुष्ट माणूस नव्हता, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, त्यांना काम द्या. पूर्ण काम, मुदत असलेलं. चुकलं तर जसं दुसऱ्याला सांगाल तसं सांगा.

संगणकावर ते स्क्रीन रीडर वापरत असतील, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तुमच्याकडची परिपत्रकं कशी येतात ते आधी बघून घ्या. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या लेखी एक चित्र, त्यात वाचायला काही नाही. मराठीतली आणखी एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र आपल्याला छान मराठी दिसतं, पण आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात. स्क्रीन रीडर ती अगम्य बडबड वाचून दाखवतो. तेच पत्र युनिकोडमध्ये टाइप केलं की घडाघडा वाचतो. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकता ना? खाली दोन ओळी टाइप करा. याला खर्च शून्य आहे.

ही मेहेरबानी नाही, हे मात्र शाखेतल्या सगळ्यांच्या कानावर घाला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं. कामासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी पुरवणं ही सरकारी आस्थापनेची जबाबदारी आहे, आणि सरकारी बँकही त्यातच आली. ‘यांना जमेल का’ अशी कुजबुज झाली तर उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट सांगा. २०१६ साली त्या नागरी सेवा परीक्षेत ७७३ व्या आल्या आणि पूर्ण अंध म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या, आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

बँक तुमची आहे म्हणून अंध ग्राहकांबद्दलही दोन शब्द. चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, कर्ज यातलं काहीही केवळ अंधत्वामुळे नाकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना २००८ मध्येच तसं कळवलेलं आहे. तरी आजही काउंटरवरचा माणूस अंध ग्राहकाबरोबर आलेल्या भाचीला विचारतो, ‘यांचं काय काम आहे?’ ज्यांचं खातं त्यांच्याशी बोला. पैसे देताना नोटांची थप्पी हातात कोंबू नका, एकेक किंमत सांगत द्या. जुन्या मालिकेत १०० आणि ५०० च्या नोटेच्या लांबीत १० मिलिमीटरचा फरक होता. आता १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर, म्हणजे फरक ४-४ मिलिमीटरचा. बोटांना तो घाईत कळत नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ नावाचं ॲप नोट ओळखून सांगतं, पण काउंटरवर मागे रांग लागलेली असताना मोबाइल काढून एकेक नोट तपासणं किती जणांना जमेल?

शब्दांबद्दल तुम्ही घाबरलेले दिसता. ‘बघितलंत का’, ‘भेटू’, ‘पाहून घ्या’ बिनधास्त म्हणा. माझे विद्यार्थी ‘काल मॅच बघितली’ असंच म्हणतात. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवला आणि सरकारी कागदांत रुळला. काहींना तो आवडतो. काहींना वाटतं, माझ्यात दिव्य काही नाही, मला साधं अंध म्हणा. मी स्वतः ‘अंध’ म्हणते. तुमच्या सहकाऱ्यांना काय आवडतं ते विचारा, किंवा सरळ त्यांच्या नावाने हाक मारा, ‘साहेब’ म्हणा, जसं इतरांना म्हणता. ‘बिचारे’ मात्र त्यांच्या पाठीमागेही म्हणू नका. आणि ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा खेळ कोणाला खेळू देऊ नका. घरोघरी, लग्नाकार्यात हे चालतं, सगळे हसतात, आणि ज्याची परीक्षा घेतली जाते तो ओशाळून उभा असतो. बोलायच्या आधी आपलं नाव सांगितलं की झालं.

दुपारच्या डब्याच्या वेळी त्यांना तुमच्यात बोलवा. आपल्या ताटाची रीत इथे फार उपयोगी पडते: मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. ज्यांना ही रीत लहानपणापासून माहीत आहे त्यांचा हात बरोबर जातो. तुम्ही काही वाढलंत तर तेवढं सांगा, ‘उजवीकडे वांग्याची भाजी ठेवली आहे, वाटीतली आमटी गरम आहे.’

ते यायच्या आधी शाखेत एक फेरी मारा. अर्धवट उघडी दारं हा मोठा धोका असतो, कारण काठी दाराच्या बाजूने निघून जाते आणि कड कपाळाला लागते. दार एकतर पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. वाटेत ठेवलेले फायलींचे गठ्ठे, पाण्याचे जार, ओढून तशाच सोडलेल्या खुर्च्या हलवा. पुढे कधी फर्निचर हलवलंत तर त्याच दिवशी त्यांना सांगा. पहिल्या दिवशी कुणीतरी एकाने, तुम्हीच का नाही, दारात जाऊन नाव सांगावं, विचारावं आणि कोपर देऊन एकदा शाखा फिरवून दाखवावी: दारापासून त्यांचं टेबल किती पावलं, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, शेजारी कोण बसतं, चहावाला किती वाजता येतो आणि कोणत्या बाजूने. एक फेरी तुमच्याबरोबर झाली की दुसरी त्यांना काठीने एकट्याने मारू द्या. मध्ये खुर्चीला काठी लागेल, लागू द्या. काठी असते ती त्यासाठीच. धावत जाऊ नका. तुमच्या टेबलाशी बसून राहा, म्हणजे हाक मारली तर तुमचा आवाज कुठून येतो ते त्यांना कळेल.